गुडघ्याच्या खाली

८ जानेवारी

पाटीवर ‘दवाखाना’ लिहायचं नाही असं पाटीवाल्याला दोनदा बजावलं होतं, तरी त्याने दाखवायला आणलेल्या कागदावर तेच होतं. वर म्हणतो, ‘‘बाई, ‘पाऊल तपासणी केंद्र’ वाचून लोक चोरांच्या पावलांचे ठसे घेऊन येतील.’’ मी खोडायला लावलं. मी डॉक्टर नाही. ज्याची टाच, घोटा, तळवा दुखतो किंवा चाल बिघडली आहे, त्याला मी उभं करून, चालवून, त्याचे बूट उलटे करून पाहते. व्यायाम सांगते, बुटात घालायचा सोल करून देते. इस्पितळातल्या नोकरीत इतकी वर्षं हेच केलं. आता चाळिशी उलटल्यावर स्वतःचं. लाँड्रीशेजारच्या दोन खोल्या, तळमजला, कारण पाय दुखणाऱ्याला जिना चढायला लावणं म्हणजे चेष्टाच. जमेल ना मला? हा प्रश्न विचारायला घरात दुसरं कोणी नाही, म्हणून ही वही.

भिंती दादा रंगवतोय. माझा थोरला भाऊ, धंद्याने रंगारी. हातातली कामं संपव आणि मग ये म्हटलं, तर ऐकेना. ‘‘आत्ताच देतो. पुढचं कोणी पाहिलंय?’’ जन्मभर गिऱ्हाइकांना ‘परवा येतो’ सांगत आलेला माणूस. त्याला ही घाई कुठून सुटली कोण जाणे.

दुपारी त्याच्या हातून ब्रश निसटला. दारापाशी फरशीवर बशीएवढा निळा डाग. ‘‘हात ओला होता,’’ म्हणाला. मी पुसायला वाकले तर, ‘‘राहू दे गं, कलाकाराची सही आहे.’’

त्याला माझा नियम सांगितला. गुडघ्याच्या वर मी बोलणार नाही. पाठ, मान, हात, डोकं ज्याने त्याने योग्य माणसाकडे न्यावं. अर्धवट ज्ञानावर तोंड उघडणारे मी इस्पितळात पुष्कळ पाहिले आणि त्यांची फळं दुसऱ्यांना भोगताना पाहिली. दादा शिडीवरून ओरडला, ‘‘मग पाटीवरच लिही की! गुडघ्याच्या वर चौकशी करू नये!’’

जाताना उंबऱ्याला त्याचा उजवा बूट अडला. सकाळी येतानाही अडला होता.

२० जानेवारी

बेकरीत दिवसभर उभ्या असणाऱ्या बाई आल्या होत्या. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं म्हणाल्या. काचेच्या पेटीवर उभं केलं. पेटीत तिरपा आरसा आहे, त्यात तळवे दिसतात. बाई खाली वाकून म्हणाल्या, ‘‘अगं बाई, माझे पाय असे आहेत होय? इतकी वर्षं मी हेच घेऊन फिरतेय?’’ खूप हसलो. टाचेखाली मऊ गादी, पोटरीला ताण देण्याचा व्यायाम. जाताना त्या म्हणाल्या, कोणीतरी पहिल्यांदा माझे पाय नीट बघितले.

खरं सांगायचं तर दिवसभर हे वाक्य चघळत बसले. इतकं सुखावून जाणं बरं नाही.

२ फेब्रुवारी

दादाला शेवटी पेटीवर चढवलं. उजव्या बुटाचं टोक घासून कातड्याचा भुगा झालाय. चालताना पुढचं पाऊल पुरेसं उचललं जात नाही, म्हणून टोक जमिनीला घासतं. मी हात आडवा धरला आणि म्हटलं, पाऊल वर ओढ, मला ढकल. डाव्याने ढकललं. उजव्याने नुसता स्पर्श झाल्यासारखं वाटलं.

मग शाईची चौकट. वर रबराचा पडदा, त्याच्या खालच्या बाजूला शाई, शाईखाली कागद. भार जिथे जास्त तिथे ठसा गडद. डावा ठसा छान भरलेला, उजव्याचा पुढचा भाग पुसट.

नायलॉनच्या तंतूने तळवा, बोटं, पावलाची वरची बाजू आणि नडगीची बाहेरची कड तपासली. डोळे मिट, टोचलं की ‘हो’ म्हण. प्रत्येक वेळी ‘हो’. एकदा तर मी टोचायच्या आधीच म्हणाला. ‘‘गप बस की जरा,’’ म्हटलं तर, ‘‘परीक्षेत पुढच्या प्रश्नाची तयारी ठेवावी, छोटी.’’ पण संवेदना कुठेही कमी नाही, एवढं खरं. जीव भांड्यात पडला.

कारण मला दिसतंय. शिडीवर तासन्‌तास उभा राहताना तो उजवा गुडघा पायरीला टेकवून तोल सांभाळतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या गाठीपाशी एक नस अगदी कातडीखालून जाते. तिच्यावर दाब आला की पाऊल उचलणारे स्नायू ढिले पडतात. बसताना पायावर पाय टाकणाऱ्यांनाही होतं. दाब काढला की बहुतेकांचं सुधारतं. त्याला कागदावर चित्र काढून समजावलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. एरवी मला वाक्य पुरं करू देत नाही.

‘‘मग बरा होईन ना?’’ म्हणाला.

‘‘माझं ऐकलंस तर.’’

‘‘ऐकतो की.’’

११ फेब्रुवारी

सोल आणि पाऊल उचलून धरणारी पट्टी दिली. पट्टी नडगीला बांधायची आणि बुटाच्या नाडीत अडकवायची. ‘‘हा बूट घातलाय का नळ बसवलाय?’’ म्हणाला. पण खोलीत चालला आणि टोक घासलं नाही. दोघांनी टाळ्या वाजवल्या. शेजारचा लाँड्रीवाला डोकावून गेला.

संध्याकाळी वहिनींचा फोन. ‘‘छोटी, ह्यांचा आवाज तुला बदललेला वाटतो का गं?’’ मी म्हटलं, नव्या दातांमुळे. गेल्या वर्षाच्या शेवटी कवळी बसवली तेव्हापासून तो थोडा जड बोलतो. दातवाल्याकडून घासून घ्या. हे माझं क्षेत्र नाही हेही सांगितलं. वहिनी म्हणाल्या, ‘‘बरं. तुझ्याकडून आले की खुशीत असतात.’’

३ मार्च

दादाची चाल मोबाईलवर टिपली आणि फेब्रुवारीतल्या चालीशी ताडून पाहिली. टोक घासत नाही. तो उजवा गुडघा मात्र खूप वर उचलतो, चिखलातून चालल्यासारखा. सवयीने कमी होईल. सुधारणा आहे. मला सुधारणा दिसावी असं वाटतंय म्हणून दिसत नाही ना, हे पुन्हापुन्हा तपासलं. नाही. आहे.

बेकरीच्या बाईंनी त्यांच्या दोन मैत्रिणी पाठवल्या. वाहतूक पोलीस, गुडघेदुखीवाला, आला होता. गुडघ्यापर्यंत माझं, गुडघा मात्र दुसऱ्याचा, असं त्याला सांगितलं, तर म्हणाला, ‘‘हद्दीचा वाद आमच्या खात्यातही असतो.’’

१९ मार्च

दादाने मोठी शिडी ओळखीतल्या एका रंगाऱ्याला देऊन टाकली. मी कधीपासून मागे लागले होते की शिडीवरचं काम बंद कर. शिडी बंद म्हणजे नसेवरचा दाब बंद. ऐकलं एकदाचं. मला इतका आनंद झाला की त्यांच्या घरी जाऊन आले.

वहिनी ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. ‘‘शिडी दिली, छोटी,’’ म्हणाल्या. ‘‘देऊनच टाकली.’’ आणि पदराने डोळे पुसले. त्यांचा शिडीवर इतका जीव असेल असं वाटलं नव्हतं. असतोही म्हणा. त्या शिडीवर त्यांचा संसार उभा राहिला.

६ एप्रिल

टेपने पोटऱ्या मोजल्या. उजवी बारीक झालीये, आणि फेब्रुवारीपेक्षाही बारीक. पट्टीमुळे स्नायूला काम उरलं नाही म्हणून असेल. म्हणजे मीच तो आळशी केला का? पट्टी दिवसातून थोडा वेळ काढायची, व्यायाम वाढवायचे. नवा सोल, टाच किंचित उंच.

निघताना त्याने बाही पुढे केली. ‘‘एवढं बटण लाव गं, नखं वाढलीत.’’ नखं वाढलेली नव्हती. लावून दिलं. बाही कोपरापर्यंत सरकली होती, तिथे हाताचं मांस कातडीखाली थरथरताना दिसलं. उकळी यायच्या आधी पाणी हलतं तसं. मी बघतेय हे बघून त्याने बाही ओढून घेतली.

थकवा असेल. लिहून ठेवते आहे, एवढंच. गुडघ्याच्या वरचं आहे.

२१ एप्रिल

डाव्या बुटाचंही टोक घासायला लागलंय.

डावा गुडघा तो कधीच शिडीला टेकवत नव्हता. आणि शिडी तर महिन्यापूर्वीच गेली.

दिवसभर एकेक कारण शोधून काढलं आणि एकेक मोडून टाकलं. उजव्याचा भार डाव्याने घेतला म्हणून? मग दुखलं असतं, ढिलं पडलं नसतं. मॅडमना फोन केला. ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले त्या. आता निवृत्त आहेत. रविवारी येते म्हणाल्या.

२५ एप्रिल

मॅडम आल्या. मी माझे ठसे, मापं, चालीच्या चित्रफिती मांडून ठेवल्या होत्या. मॅडमनी त्या पसाऱ्याकडे पाहिलंही नाही. दादाला म्हणाल्या, ‘‘शर्ट काढा.’’

इतक्या महिन्यांत मी त्याला पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला सांगितली होती. शर्ट काढ असं एकदाही म्हटलं नव्हतं. खांदे खोलगट झालेले. अंगठा आणि तर्जनीच्या मधलं मांस बसलेलं. दंडावर, छातीवर तेच थरथरणं. मॅडम पुढचं सांगायच्या आतच दादाने ‘आ’ करून जीभ बाहेर काढली. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याने किंचित मान हलवली, नाही म्हटल्यासारखी. मला वाटलं, नेहमीसारखी मस्करी करतोय.

मग मॅडमनी मला आतल्या खोलीत नेलं.

‘‘संवेदना तपासली होतीस?’’

‘‘हो. पूर्ण शाबूत होती.’’

‘‘आणि तुला काय वाटलं?’’

‘‘दिलासा.’’

‘‘अगं, नस दाबली गेली असती तर थोडंतरी बधिर झालं असतं की नाही? ताकद जातेय आणि स्पर्श शाबूत आहे. तिथेच घाबरायला हवं होतंस.’’

कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. मला हे ठाऊक होतं. मी हे इस्पितळात नव्या मुलींना शिकवलं आहे. मग त्या दिवशी मला ‘हो, हो’ ऐकून आनंद का झाला? कारण तो दादा होता. आणि कारण मला शिडीची पायरी सापडली होती, माझ्या हद्दीतली.

‘‘ओरडत नाहीये मी,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘फेब्रुवारीत कळलं असतं तरी काय करणार होतीस? पण मेंदूच्या डॉक्टरकडे ने. उगीच आशा ठेवून नेऊ नकोस.’’

बाहेर आलो तर दादा शर्टाच्या बटणांशी झगडत होता. ‘‘पास का नापास?’’ म्हणाला. मॅडमनी त्याची बटणं लावली.

४ मे

मेंदूविकारतज्ज्ञांकडे मी, दादा, वहिनी. दादाचं नाव सांगताच खिडकीतल्या मुलीने फाईल काढून दिली. जाड होती. मला वाटलं, दुसऱ्या कुणाची चुकून आली. म्हणणार होते, पण तेवढ्यात आत बोलावलं.

डॉक्टर माझ्याशीच जास्त बोलले. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या पेशी एकेक करून मरतात. आधी एक पाऊल, मग दुसरं, हात, जीभ, गिळणं, शेवटी श्वास. स्पर्श राहतो, अक्कल बहुधा राहते. औषध थोडं लांबवतं, थांबवत नाही. ‘‘किती?’’ मी विचारलं. ते म्हणाले, माणसागणिक वेगळं असतं.

दादाने एकही प्रश्न विचारला नाही. भिंतीकडे बघत होता. बाहेर पडल्यावर म्हणाला, ‘‘अस्तर न देताच रंग मारलाय. पोपडे येणार.’’

मी रिक्षात रडले. दोघांच्या मध्ये बसून. तेच दोघं माझी समजूत घालत होते.

५ मे

केंद्र बंद ठेवलं.

७ मे

उघडलं. तळव्याला कुरूप झालेली एक बाई, सपाट पावलांचा एक मुलगा. त्याच्या आईने विचारलं, ‘‘पुढे काही मोठं तर नाही ना निघणार?’’ मी त्याला शर्ट काढायला लावला, हात वर करायला लावले, जीभ काढायला लावली. आईचा चेहरा पांढराफटक झाला. मुलाला काहीही झालेलं नव्हतं. सपाट पावलं होती, एवढंच. माफी मागितली. ती परत येईल असं वाटत नाही.

आधी कमी पाहिलं, आता जास्त पाहतेय. मधलं माप मला जमत नाही.

१२ मे

वहिनी एकट्या आल्या. दाराजवळच्या निळ्या डागावर बूट पडणार नाही असं पाऊल टाकून आत आल्या. मी त्यांच्यापुढे सगळं ओकून टाकलं. तीन महिने मी त्याला सोल आणि पट्ट्या देत बसले, माझ्यामुळे वेळ गेला, माझ्या नियमामुळे. वहिनी ऐकत होत्या. मग म्हणाल्या,

‘‘छोटी, ह्यांना नोव्हेंबरातच कळलं होतं.’’

मला आधी अर्थच लागेना. ती फाईल. ती जीभ. ती घाई. दात.

‘‘मग माझ्याकडे का येत होता?’’

‘‘तुझी पाटी लागायची होती. म्हणाले, आत्ता सांगितलं तर ती उघडणारच नाही, माझ्याजवळ बसून राहील. मला शपथ घातली. माझ्याने राहवेना म्हणून तुला आवाजाचं विचारलं, की तूच ओळखशील. तू दात म्हणालीस.’’

‘‘पण रंगवून झाल्यावर? नंतर?’’

वहिनींनी पर्स एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. ‘‘नंतर त्यांना आवडायला लागलं. तुझ्याकडे यायचं असलं की सकाळीच दाढी करायचे. म्हणायचे, सगळीकडे मी मरणारा माणूस आहे. तिच्याकडे माझं फक्त पाऊल दुखतंय.’’

‘‘दुखत नव्हतं त्याचं पाऊल.’’

‘‘तेच गं ते.’’

त्या गेल्यावर बराच वेळ काचेच्या पेटीवर बसून राहिले. राग येतो आहे, आणि कोणावर ते ठरत नाही. त्याला ठाऊक होतं म्हणून माझी चूक पुसली जाते का? नाही. त्याने लपवलं हे त्याचं. मला दिसलं नाही हे माझं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी त्या एकीखाली दुसरी लपवू नये. पण मी त्या दिवशी ओळखलं असतं, तर त्याची ती दाढी करायची सकाळही गेली असती. हे बरोबर आहे, की मी स्वतःला सोडवून घेतेय? कळत नाही.

३० जून

दादाला विचारलं नाही. त्यानेही काही सांगितलं नाही. दोघांनाही ठाऊक आहे की दोघांनाही ठाऊक आहे. मी नेहमीसारखं ‘बोटं वर ओढ’ म्हटलं. त्याने प्रयत्न केला. काही हललं नाही. ‘‘ओढलं बघ,’’ म्हणाला. ‘‘हं,’’ म्हटलं.

१७ ऑगस्ट

चाकाची खुर्ची आली. माझा उंबरा फोडून घेतला. गवंडी म्हणाला, ‘‘एवढासा तर होता, कोणाला अडणार?’’

खुर्चीच्या पायटेकूवर पावलं आपोआप आत वळतात. टाचेच्या कडेला लाल चट्टा दिसला. त्यावर मऊ उशी शिवून दिली. या एका बाबतीत माझा उपयोग आहे. आज संध्याकाळी मी दोनदा हात धुतले आणि दोनदा स्वतःला म्हटलं, उपयोग आहे.

२६ सप्टेंबर

आज वहिनी त्याला घेऊन आल्या. त्याचं बोलणं आता मला आणि वहिनींनाच कळतं. लाँड्रीवाल्याला वाटतं तो झोपेत बोलतोय. खुर्ची आत येताना चाक निळ्या डागावरून गेलं. दादाने खाली पाहिलं आणि भुवया उडवल्या. कलाकाराची सही.

मग म्हणाला, ‘‘ठसा घे.’’

‘‘कशाला रे?’’

‘‘सोल. नवा.’’

मी वहिनींकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्याने सकाळी दाढी करवून घेतली होती. हनुवटीखाली थोडा साबण राहिला होता.

पायटेकू बाजूला केला. शाईची चौकट जमिनीवर ठेवली, बूट-मोजा काढला आणि उजवं पाऊल दोन्ही हातांनी उचलून पडद्यावर ठेवलं. थंड होतं, आणि हलकं. थोडा वेळ थांबून पडदा उचलला. कागद जवळजवळ कोरा. टाचेच्या जागी धुरकट करडा गोल, बाकी काही नाही. ज्या पावलावर शरीर उभंच राहत नाही ते काय उमटणार?

दादा कागदाकडे बघत होता. मला त्याच्याकडे बघवेना.

मी नवा कागद घातला. पाऊल पुन्हा ठेवलं. गुडघे टेकून बसले, त्याच्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवले आणि अंगातलं होतं नव्हतं ते वजन टाकून दाबलं. तो ‘आई गं’ म्हणाला, मस्करीत. स्पर्श तर सगळा कळतोच त्याला. मी तशीच दाबून धरून राहिले, जरुरीपेक्षा जास्तच वेळ.

या वेळी पूर्ण ठसा आला. टाच, बाहेरची कड, चवडा, पाची बोटं. फेब्रुवारीतल्यापेक्षाही गडद.

‘‘बघ,’’ दादा म्हणाला. त्याच्या तोंडाची एक बाजू हसली. ‘‘ठणठणीत.’’

ठशामागे तारीख लिहिली, ‘उजवे’ लिहिलं. त्याखाली नेहमी मी लिहिते की भार कुठे किती पडतो. तिथे पेन थांबलं. पाऊल त्याचं आहे. वजन माझं होतं. असा ठसा नोंदीत ठेवणं प्रामाणिकपणाचं नाही. दुसऱ्या कोणी ठेवला असता तर मी फाडायला लावला असता.

ठेवला आहे. सोल गुरुवारी तयार होईल असं त्याला सांगितलं.